भरवशाची व्हॅन

'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, तो जुन्या गाड्यांच्या बाजारात कधी गेला नसावा. तिथे टोणगाच म्हैस म्हणून विकतात, आणि वर 'दूध उद्या सकाळी बघा' असं सांगतात.

मला या बाजारात जावं लागलं, कारण गेल्या आषाढात आमच्या व्हॅनवर झाड पडलं. साताऱ्यातला पाऊस एकदा बसला की पाहुण्यासारखा बसतो. आठव्या दिवशी झाडालाच कंटाळा आला आणि ते आडवं झालं. खाली आमची व्हॅन उभी होती. आत कोणी नव्हतं. विम्याचा सर्व्हेअर आला, छत्री सांभाळत त्याने व्हॅनला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "टोटल लॉस."

दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी कागदोपत्री मेली असा नियम आहे. आमची व्हॅन २०११ची. तिची किंमत विम्यात धरली होती ९० हजार, आणि नुसतं टप सरळ करायला गॅरेजवाला १ लाख २० हजार मागत होता. हा नियम माणसांना लावत नाहीत हे आपलं नशीब. नाहीतर माझ्या दातांच्या डॉक्टरांनी गेल्याच वर्षी माझा टोटल लॉस जाहीर केला असता.

"मग घ्या की दुसरी कुठलीही गाडी," असं सगळे म्हणाले. पण आमच्याकडे कुठलीही गाडी चालत नाही. आमच्याकडे आई आहे. वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. साध्या मोटारीत माणूस बसत नाही, विहिरीत उतरतो. हल्लीच्या त्या उंच, छाती काढून उभ्या राहणाऱ्या गाड्यांत चढायला घोडेस्वारीचा अनुभव लागतो. खुर्चीवर बसावं तसं फक्त व्हॅनमध्ये बसता येतं. दार सरकवा, एक पाऊल आत, वळा, टेका. आठवड्यातून तीनदा तिला व्यायामाला न्यायचं ते या एका सोयीवर चाललं होतं. झाड पडल्यापासून तिने उंबरठा ओलांडला नव्हता. "माझं काय अडलंय? मी घरात बरी आहे," म्हणायची, आणि संध्याकाळी खुर्ची रस्त्याकडे फिरवून बसायची. तिने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

१९८४ साली मारुतीची व्हॅन आली, १९८८मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळालं आणि २०१९ साली तिचं उत्पादन बंद झालं. म्हणजे ओम्नी घ्यायची तर ती वयस्करच मिळणार. दुसरी तिची धाकटी बहीण ईको, २०१०ची. ती अजून नवी मिळते. मग नवीच का घेतली नाही, हा प्रश्न पेन्शनरला विचारू नये.

मी तयारी केली. आईला ओट्याला धरून उभी केली आणि म्हटलं, "पाय जेवढा सहज उचलता येतो तेवढाच उचल." त्या उंचीला सुतळीला एक गाठ मारली. तिच्या लाकडी खुर्चीच्या उंचीला दुसरी. सुतळी खिशात घातली आणि आमच्या मिस्त्रींना घेऊन बाजारात निघालो. माझ्या खिशात सुतळी, त्यांच्या खिशात बॅटरी.

पहिला एजंट म्हणाला, "साहेब, डोळे झाकून घ्या. सिंगल ओनर. डॉक्टरांची गाडी." महाराष्ट्रात डॉक्टरांनी वापरलेल्या गाड्या डॉक्टरांपेक्षा जास्त आहेत. मीटरवर ३८ हजार किलोमीटर होते. मिस्त्रींनी मीटरकडे पाहिलंच नाही. त्यांनी वाकून ब्रेकच्या पेडलवर बॅटरी मारली. पेडलचं रबर माझ्या डोक्यासारखं गुळगुळीत झालं होतं. "आडतीस हजारांत एवढं झिजत नाय, साहेब." नंबर मोबाइलवर टाकून पाहिला तर सध्याचा मालक चौथा. डॉक्टर बहुधा पहिला असेल, किंवा पेशंट.

मी दाराशी सुतळी लावून बघत होतो, तेव्हा एजंटने आदराने विचारलं, "वास्तुशास्त्र का?" मी हो म्हणालो. खरं कारण सांगायला वेळ लागला असता.

दुसरी व्हॅन नव्यासारखी लखलखीत होती आणि अत्तराच्या दुकानासारखी घमघमत होती. माझ्या दोन्ही गाठी बरोबर बसल्या, मी खूश. मिस्त्रींनी मात्र सीटबेल्ट धरला आणि विहिरीतून पोहरा काढावा तसा ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. पट्ट्याच्या अगदी टोकाला चिखलाची एक सरळ रेघ होती. मग त्यांनी पायाखालचं कार्पेट उचलून नाक लावलं. "पोहलेली हाय." नंबर होता एमएच-१०. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेने सांगलीत काय केलं ते वेगळं सांगायला नको. जुलै २०२१मध्ये चिपळूणचीही तीच कथा झाली. पुरातून वाचलेल्या माणसाला आपण आधार द्यावा, पण पुरातून आलेल्या गाडीला देऊ नये. वर कितीही रंग दिला तरी आत वायरी आणि त्यांचे जोड हळूहळू गंजत राहतात, आणि गाडी एके दिवशी भर घाटात प्राण सोडते. मागे आई बसलेली असताना मला ते नको होतं.

तिसरीच्या बॉनेटवर मिस्त्रींनी हात ठेवायला गेले आणि त्यांना आठवलं, व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलून हात नेला. "आपण यायच्या आधीच चालू करून गरम केलंय. आजारी माणसाला पाहुणे यायच्या वक्ताला पावडर लावून बसवत्यात, तसं." दमलेलं इंजिन थंड असताना उठायला कुरकुरतं, माझंही तसंच आहे. त्यांनी ते चालूच ठेवून ऑइलचं झाकण काढलं, तर आतून बंबासारखा धूर यायला लागला. एजंट म्हणाला, "थंडीमुळं." तेव्हा आम्ही तिघेही घामाने भिजलो होतो.

अशा सात व्हॅन झाल्या. आठवी उंब्रजला, एका निवृत्त गुरुजींकडे. ईको, २०१६ची. आम्ही सकाळी सातला पोहोचलो. इंजिन थंडगार. गुरुजींनी चहाच्या आधी एक फाइल पुढे केली. त्यात सर्व्हिसिंगची सगळी बिलं तारीखवार लावलेली, आणि शेवटी एका पानावर सुवाच्य अक्षरात 'गाडीतील दोष'. पुढची दोन टायरं बदलायला झाली आहेत. डाव्या दारावर पोचा, म्हैस. क्लच सहा महिने जाईल. मिस्त्रींनी तासभर आडवं-उभं होऊन तपासलं आणि खाली गुडघ्यांवरची धूळ झटकत म्हणाले, "मला तीनच दोष घावले. तिन्ही लिवलेत. ही बिघडंल, पण सांगून बिघडंल."

मी सुतळी लावली. पहिली गाठ बरोबर. दुसरी अर्धं बोट वर, म्हणजे चालण्यासारखी. तेव्हा दिसलं, दाराच्या आत एक स्टीलची दांडी बसवली होती. तिच्यावर जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळलेली, हात सटकू नये म्हणून.

"ही कसली, गुरुजी?"

"हिच्यासाठी बसवली होती. दोन वर्षं." गुरुजी फाइलची नाडी बांधायला लागले. "तुम्हाला नको असेल तर काढून देतो. चारच स्क्रू आहेत."

"राहू द्या," मी म्हटलं.

गुरुजी २ लाख ६० हजार म्हणत होते. घासाघीस हा आमचा कुलाचार आहे. कोथिंबिरीच्या जुडीवर मी दहा मिनिटं उभा राहतो. त्या दिवशी माझं तोंडच उघडेना. शेवटी मिस्त्रींनीच खाकरून क्लचचे दहा हजार कमी करून घेतले. त्यांना दांडी दिसली नसावी, किंवा दिसूनही क्लच दिसत होता. असा एक माणूस बरोबर असावा लागतो.

सह्या करण्याआधी आईने बसून पाहणं आवश्यक होतं. रविवारी गुरुजी स्वतःच व्हॅन घेऊन साताऱ्याला आले. आईने पदर खोचला, दांडी धरली, एक पाऊल आत, वळली, टेकली. कुणाचाही हात लागला नाही. मग तिने हात परत दांडीवर ठेवला, लुगड्याच्या पट्टीवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "काय हो गुरुजी, त्या माझ्याएवढ्याच होत्या का उंचीला?"

"एखादं बोट कमी," गुरुजी म्हणाले.

त्यानंतर कोणी काही बोलेना. सौ. चहा टाकते म्हणून आत गेली. मी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म टेबलावर मांडले, पेन शोधलं आणि आईला म्हटलं, "उतर आता. सह्या करून घेऊ."

"उतरते कशाला?" आई म्हणाली. "गुरुजींना उंब्रजला सोडायला कुणीतरी जायला हवंच ना? मग तिथून पालीचा खंडोबा काय लांब आहे? सह्या काय, मांडीवर फाइल ठेवूनही करता येतात. सूनबाईला म्हणावं, चहा थर्मासमध्ये भर."