न निवडलेलं धान्य



आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात. भांडी झाली, ओटा पुसला, की मी दिवसाचा हिशेब लिहायला बसते. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वही मागे चाळताना दोन नोंदी दिसल्या. अक्षर माझंच. ‘सम्यक, गेम, ३९९.’ आणि चारच दिवसांनी पुन्हा तेच, ‘सम्यक, गेम, ३९९.’ ह्यांनी सांगितलं आणि मी लिहून टाकलं होतं. पैसे सम्यकचेच, दहावी पास झाल्याबद्दल मामाने दिलेल्या हजारातले. त्यामुळे काय घेतलं, कशासाठी घेतलं, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

विचारलं ते पंधरा दिवसांनी, आणि तेही चुकीच्या वेळी. दुपारी त्याच्या खोलीत कपडे ठेवायला गेले, तर त्याने झटकन पडदा बदलला. आईच्या नजरेतून असं काही सुटत नाही. मी म्हटलं, “दाखव.” त्याने दाखवलं. हिरवंगार जंगल, एक हरीण पाणी पितंय, आणि मध्यभागी बंदुकीची नेम धरायची खूण.

मी खूप ओरडले, ते इथे लिहीत नाही. तुम्हीही आया आहात, तुम्हाला कल्पना येईल. सम्यक एवढंच म्हणाला, “आई, हा गेम मी निवडलेला नाही. पाकिटातून आला.” त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

तिसऱ्या दिवशी मीच त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, “पाकीट म्हणजे काय, मला नीट समजावून सांग.” त्याने सांगितलं ते असं.

काही गेम मोठ्या कंपन्या बनवतात, शेकडो माणसं आणि भरपूर पैसा लावून. काही गेम एकटा माणूस किंवा चार-सहा जण मिळून बनवतात. त्यांना ‘इंडी’ गेम म्हणतात. (मला आधी विजापूरकडचं लिंबांचं इंडी गाव आठवलं, म्हणून तो दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.) हे गेम संगणकावर ‘स्टीम’ नावाच्या मोठ्या ऑनलाइन दुकानातून मिळतात. शिवाय इतर काही दुकानं त्यांच्या ‘की’ विकतात. की म्हणजे अक्षरं आणि आकड्यांचा एक क्रमांक. तो स्टीममध्ये टाकला की गेम आपल्या खात्यात जमा होतो. अशाच एका दुकानात ‘मिस्ट्री’ सेल होता. ३९९ रुपयांत पाच की. कोणते गेम ते पैसे भरल्यानंतरच कळणार. जाहिरातीत वर चार-पाच नामांकित गेमांची चित्रं, आणि खाली बारीक अक्षरांत ‘यांपैकी मिळू शकेल’.

सासूबाई पलीकडे बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “हे सोरटच की रे! आमच्या जत्रेत असायचं. दहा पैसे द्यायचे, चिठ्ठी उचलायची. भिंतीवर घड्याळ टांगलेलं, आणि हातात यायची शिट्टी.”

“आजी, सोरटात रिकामी चिठ्ठी पण निघते. इथे गेम मिळतोच,” सम्यक म्हणाला.

“मग दुसऱ्यांदा का घेतलंस?”

तो गप्प झाला. पहिल्या पाचांत जाहिरातीतलं एकही नाव आलं नव्हतं, म्हणून त्याने दुसरं पाकीट घेतलं होतं. हे त्यालाही तेव्हाच उमगलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला.

मैत्रिणींनो, सप्तव्यसनांत पहिलं नाव जुगाराचं आहे. लहानपणी पाठशाळेत पाठ करताना मला वाटायचं, जुगार म्हणजे पत्ते आणि फासे, आपल्या घराशी त्याचा काय संबंध? पण खेळाच्या आत पैसे देऊन उघडायच्या बंद पेट्या असतात, आणि २०१८ साली बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही खेळांतल्या अशा पेट्यांना जुगारच ठरवलं. सम्यकचं पाकीट तसं नव्हतं, हे मी मान्य करते. त्यात प्रत्येक वेळी पूर्ण खेळ मिळत होता. मात्र ‘या वेळी नाही आलं, पुढच्या वेळी येईल’ ही जी मनाची ओढ आहे, ती दोन्हीकडे सारखीच. व्यसनाचं बी रकमेत नसतं, त्या ओढीत असतं.

मग आम्ही दहा गेमांचा हिशेब मांडला. एक त्याच्याकडे आधीपासूनच होता. एक आमच्या जुन्या संगणकावर चालेना. दोन कोड्यांचे, ते त्याला आवडले. एक बंदुकांचा, एक शिकारीचा. उरलेले चार त्याने उघडूनही पाहिले नव्हते. ‘ऐंशी रुपयांना एक गेम’ म्हणून जो स्वस्त वाटला, तो प्रत्यक्षात चारशेला एक पडला होता.

आता जरा तोऱ्यात ‘बघ, कळलं ना?’ म्हणावं, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात तो म्हणाला, “आई, तुझ्या कपाटात किती साड्यांची अजून घडी मोडलेली नाही?” सासूबाई तांदळात तोंड घालून हसल्या. सात आहेत. सगळ्या सेलमधल्या. परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलेली मी, मोजून सात. गेमला कपाट लागत नाही, धूळ बसत नाही, म्हणून तो परिग्रह दिसत नाही एवढंच. आणि जे आपल्या नावावर साठून राहतं, ते मनावरही साठतं.

एक गोष्ट मात्र अजून बाकी होती, ते हरीण. सम्यकचं म्हणणं, “आजी, ते खरं नाही. रंगीत ठिपके आहेत नुसते. कुणाचा जीव गेला नाही.” मला यावर पटकन उत्तर सुचलं नाही. सासूबाईंनी राजा यशोधराची गोष्ट काढली. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी ‘यशस्तिलकचंपू’त सांगितलेली ही कथा तुमच्यापैकी अनेकींनी आजीकडून ऐकली असेल. राजाला जिवंत प्राण्याचा बळी द्यायचा नव्हता आणि आईचा शब्दही मोडवत नव्हता. म्हणून पिठाचा कोंबडा केला आणि त्याचा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी मारण्याचा संकल्प झालाच होता. माय-लेकांना पुढे कित्येक जन्म मोर, कुत्रा अशा तिर्यंच गतींत फिरावं लागलं.

सम्यकने ऐकून घेतलं. पटलं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सोळाव्या वर्षी पिठाच्या कोंबड्याची गोष्ट पटावी, असा माझाही हट्ट नव्हता. त्याने शिकारीचा गेम काढून टाकला तो आमच्यासाठी, स्वतःसाठी नाही.

जून संपता संपता स्टीमचा उन्हाळी सेल लागला. मामाच्या हजारातले दोनशे दोन रुपये शिल्लक होते. या वेळी आम्ही दोघांनी मिळून बघायचं ठरवलं. तांदूळ निवडायला बसावं तसंच बसलो म्हणा ना. एकेका गेमचं पान उघडायचं, चित्रफीत पाहायची, खाली आशयाबद्दल सूचना लिहिलेली असते ती वाचायची, आणि खेळलेल्यांची बरी-वाईट मतं दोन्ही वाचायची.

तेव्हा मला या क्षेत्राबद्दल जरा आदर वाटू लागला. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने खपून बनवला आणि तो २०१६ साली आला. चित्रं, संगीत, सगळं त्याचंच. त्यात गाई-कोंबड्या पाळता येतात, त्यांची कत्तल नाही. पण मासेमारी आहे आणि खाणीतल्या राक्षसांशी लढाईही आहे. चांगल्या तांदळातही खडा असतो, तो असा. ‘राजी’ हा २०२० सालचा गेम तर आपल्या पुण्यात बनलेला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट. तिच्याही हाती शस्त्रं आहेत. तो आम्ही तूर्त बाजूला ठेवला.

सवलत एवढी कशी देता येते, हेही सम्यकने समजावलं. कापडाच्या दुकानात उरलेला माल जागा अडवतो. इथे मालच संपत नाही, एक प्रत जास्त विकायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणून जुने गेम ऐंशी-नव्वद टक्के सवलतीतही विकायला परवडतात. विकलेल्या किमतीतले साधारण तीस टक्के स्टीम ठेवतं आणि उरलेले बनवणाऱ्याकडे जातात. म्हणजे आपण निवडून घेतो तेव्हा कुणाच्या कष्टाला दाम देतोय, हे आपल्याला ठाऊक असतं. बंद पाकिटात तेही ठाऊक नसतं.

सम्यकने निवडला ‘अंडरटेल’, २०१५ सालचा, टोबी फॉक्स नावाच्या तरुणाने बराचसा एकट्याने बनवलेला. दिसायला अगदी साधा, आपल्या लहानपणीच्या व्हिडिओ गेमसारखा. निवडण्याचं कारण त्याने मला मुद्दाम वाचून दाखवलं. या गेममध्ये समोर येणाऱ्या प्रत्येकाशी लढता येतं, तसंच बोलून, समजूत काढून, दया दाखवून त्याला सोडूनही देता येतं. एकालाही न मारता हा खेळ शेवटपर्यंत पूर्ण करता येतो.

पहिल्याच संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि दाराशी उभा राहिला. आवाज बदललेला. म्हणाला, “आई, मी एक चूक केली.”

गेमच्या सुरुवातीला टोरिएल नावाची एक मायाळू, बकरीसारखी दिसणारी बाई त्या हरवलेल्या मुलाला सांभाळते. त्याच्यासाठी गोड पदार्थ भाजते, झोपायला खोली देते. त्याने बाहेर जाऊ नये, तिथे त्याला धोका आहे, म्हणून ती त्याची वाट अडवते. सम्यकला वाटलं, लढल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. त्याने वार केले आणि ती मेली. त्याला वाईट वाटलं, म्हणून त्याने खेळ बंद केला, जुन्या जागेवरून पुन्हा सुरू केला आणि या वेळी तिच्यावर हात उचललाच नाही. ती थांबेपर्यंत धीर धरला. तिने त्याला जवळ घेतलं आणि जाऊ दिलं. सगळं सुरळीत झालं, असं वाटत असताना पुढे एक पात्र येतं आणि म्हणतं, तू आधी काय केलंस ते मला माहीत आहे.

“मी पुसलं होतं गं आई. तरी त्याला माहीत होतं.”

मी गॅस बारीक केला. काय बोलावं कळेना. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, “पीठच होतं ना रे?” त्यात टोमणा नव्हता, खूप माया होती. तो त्यांच्याजवळ जाऊन बसला. दोघांत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. आपल्याकडे बांधलेलं कर्म पुसता येत नाही, भोगून किंवा तपाने त्याची निर्जरा करावी लागते. हे मी त्याला अनेकदा सांगितलं होतं. त्या दिवशी ते त्याला स्वतःच्या बोटांतून कळलं.

नंतर त्याने तो गेम एकालाही न मारता पूर्ण केला. वेळ लागला. प्रत्येकाचं काय दुखतंय ते आधी ओळखावं लागतं म्हणे. हे ऐकून मला आमच्या भांडणाची आठवण झाली. मी आधी ओरडले होते, विचारलं नंतर.

आता आमच्या घरी काही गोष्टी ठरल्या आहेत. आवडलेला गेम स्टीमच्या ‘विशलिस्ट’मध्ये, म्हणजे इच्छांच्या यादीत टाकायचा. सवलत लागली की ईमेल येतो. तोपर्यंत इच्छा टिकली तर घ्यायचा, आणि बऱ्याचदा ती टिकत नाही! काही गेमांचा नमुना फुकट खेळता येतो, तो आधी पाहायचा. थेट स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. बाहेरून घेतलेल्या कीला स्टीमची ही सोय मिळत नाही. आधीचा पूर्ण झाल्याशिवाय नवा नाही. आणि बंद पाकीट कधीही नाही.

माझ्यासाठीही यादीत एक गेम आहे, ‘अनपॅकिंग’. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या संघाने २०२१ साली काढलेला. त्यात एवढंच करायचं, की एका मुलीने १९९७ ते २०१८ या काळात आठ वेळा घर बदललं, तिचं सामान खोक्यांतून काढून जागेवर लावायचं. सम्यक म्हणाला, “आई, हे तर तू रोजच करतेस.” मी म्हटलं, “म्हणूनच मी जिंकेन.” पण त्याआधी त्या सात साड्यांचं काहीतरी करायचं आहे. पाच मी कुणाकुणाला द्यायला काढून ठेवल्यात.

आपण पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, पीठ चाळल्याशिवाय मळत नाही. मग मुलाच्या मनात जे जातं, ते न बघता मी हिशेबाच्या वहीत नुसतं लिहून कसं टाकलं? पाकीट सम्यकने न बघता घेतलं, आणि नोंद मी न बघता केली. चूक दोघांची सारखीच होती. आता वहीत गेमच्या रकमेपुढे त्या गेमचं नावही लिहिते.

जय जिनेंद्र.