चार सिस्टीम, दोन पेनड्राइव्ह आणि आबांचा खोडवा

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख कॅलेंडरात कुणी लाल केली नव्हती, पण घरोघरच्या जुन्या कॉम्प्युटरांसाठी ती मोठी होती. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. संपला म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही हं. ते चालतं, फक्त सुरक्षेचे नवे पॅच आपोआप यायचे थांबले. ज्यांना हवी त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ जाहीर केली होती. पण मुदतवाढ ती मुदतवाढच, पीककर्जाची असो नाहीतर पॅचची.

मग विंडोज ११ टाका की! टाकलं असतं. पण २०२१ साली आलेल्या या विंडोजला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आमच्या बिद्रीच्या घरातलं मशीन २०१४ साली जुळवलेलं. प्रोसेसर चौथ्या पिढीचा, रॅम ४ जीबी. मध्यंतरी एसएसडी बसवली तेव्हापासून गडी तरतरीत झाला होता. तरी नियमाप्रमाणे तो बाद.

बिद्री कुठं आहे ते सांगतो. कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना मुधाळ तिट्ट्याच्या अलीकडे लागतं. नाव ओळखीचं वाटत असेल तर ते साखर कारखान्यामुळे. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांची नावं लावणारा सहकारी कारखाना तो हाच. घरचा ऊस तिथंच जातो. आबा, म्हणजे माझे वडील, एका संस्थेत कारकुनी करून निवृत्त झाले. आता शेती आणि हा कॉम्प्युटर. मी फोनवर नवीन मशीनचा विषय काढला तर म्हणाले, "नवीन कशाला? चालतोय की ह्यो."

बरोबरच होतं त्यांचं. आठवड्याला एखादा सातबारा, उसाच्या बिलाचा हिशेब, यूट्यूबवर कीर्तन आणि रविवारी नातीशी व्हिडिओ कॉल. एवढ्यासाठी चांगलं चालणारं मशीन भंगारात घालायचं? म्हटलं, या शनिवार-रविवारी गावाकडे जाऊ आणि दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम लावून बघू. पुण्यातून निघताना दोन पेनड्राइव्ह भरून घेतले. एकावर व्हेंटॉय टाकून लिनक्स मिंट, उबुंटू आणि फेडोरा. व्हेंटॉयची गंमत अशी की आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, मशीन सुरू होताना कुठली हवी ते तो विचारतो. दुसऱ्या पेनड्राइव्हवर क्रोमओएस फ्लेक्स, कारण त्याला स्वतःचं वेगळं बिऱ्हाड लागतं.

लिनक्सच्या बहुतेक सिस्टीम डिस्कला हात न लावता नुसत्या पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवून बघता येतात, हे वाचकांपैकी अनेकांना माहीत असेलच. नसेल तर जरूर करून बघा. मुलगी बघायला गेल्यासारखं असतं. चहा-पोहे होतात, बंधन काही नाही. :)

परीक्षा मात्र माझ्या आवडीनिवडीची ठेवली नाही. आबांच्या चार कामांचीच ठेवली: सातबारा काढून छापणे, मराठी टायपिंग, लाईट गेल्यावर काय होतं ते, आणि त्यांच्या जुन्या फाइली.

पहिल्या कामात सगळेच पास. सातबारा ब्राउझरमध्येच निघतो. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला, त्यामुळे तलाठ्याच्या सहीसाठी हेलपाटे वाचले. आणि ब्राउझरला खाली काय आहे याचं काही पडलेलं नसतं. छपाईला मिंट आणि उबुंटूने आमचा म्हातारा प्रिंटर आपणहून ओळखला. फेडोराला थोडं समजवावं लागलं. वेगात मात्र फरक पडला. ४ जीबीत उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप धापा टाकत होता. मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती आणि फ्लेक्स हे दोघे सुसाट.

दुसरं काम टायपिंग. इथं मला जरा धास्ती होती, कारण आबा टाइपरायटरवर शिकलेले. 'मराठी ३०' ची परीक्षा पास, बोटं रेमिंग्टन पद्धतीची. तुम्ही-आम्ही रोमन अक्षरं बडवून मराठी उमटवतो, तसं त्यांना जमत नाही आणि त्यांनी का शिकावं? लिनक्समध्ये आयबस आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाकलं की मराठीसाठी भली मोठी यादी येते: इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, अगदी आपलं जुनं 'गमभन' सुद्धा, आणि रेमिंग्टनही. आबांनी दोन ओळी बडवल्या, एक-दोन जोडाक्षरांपाशी थबकले, मग सुटले.

तिसरं काम लाईटचं. २००५ नंतरच्या काही वर्षांत गावाकडे भारनियमन म्हणजे काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. आता तशी स्थिती नाही, पण लाईट जाते ती जातेच आणि आमच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच निजधामास गेलीय. मी टायपिंग चालू असताना सरळ बटण बंद केलं. आबा दचकले. त्यांना म्हटलं, आबा, तुमची रोजकीर्द कशी असते? आधी कीर्दीत नोंद, मग खतावणी. या फाइल सिस्टीमचंही तसंच. काय बदल करणार ते आधी 'जर्नल'मध्ये लिहायचं, मग डिस्कवर करायचा. मधेच लाईट गेली तर चालू होताना कीर्द बघून खतावणी जुळवून घ्यायची. लिनक्सची ईएक्सटी४ असं करते, विंडोजची एनटीएफएसही करते. विंडोज ९८ च्या काळातली फॅट३२ करत नव्हती, म्हणून तेव्हा लाईट गेली की तो निळा स्कॅनडिस्क नशिबी यायचा. अर्थात सेव्ह न केलेला मजकूर गेला तो गेला, तिथं कुठलीच कीर्द कामाची नाही.

तोपर्यंत दुपार झाली होती. मनात मिंट ठरलं होतं. आबा म्हणाले, "सगळं झाक हाय. पर माझ्या फाईली दिसतील न्हवं ह्यात?"

या फाइली म्हणजे काय ते सांगतो. २००१ पासून आबा शेतीची वही कॉम्प्युटरवर लिहितात. कुठल्या तुकड्यात को-८६०३२ ची लागण कधी केली, खोडवा किती ठेवला, टोळी कधी आली, तोड किती टन भरली, पहिली उचल किती मिळाली, विहिरीचं पाणी कधी आटलं. वीसहून जास्त वर्षांच्या फाइली. मिंटमध्ये त्यातली एक उघडली... आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलर आणि भलतीच चिन्हं यांचा नुसता पाला पडला. उबुंटू, तेच. फेडोरा, तेच. फ्लेक्स तर विचारूच नका, तिथं आपला फॉन्ट बसवायची सरळ सोयही नाही.

आबा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसायला लागले.

भानगड अशी आहे. त्या काळात कॉम्प्युटरवर मराठी लिहायचं म्हणजे खास फॉन्ट घ्यायचा. त्या फॉन्टच्या लेखी 'क' नावाचं अक्षरच नसतं. फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजीतलं एखादं चिन्ह, आणि फॉन्ट त्या जागी 'क'चं चित्र काढतो. शाळेच्या पटावर नावं एका वर्गाची आणि बाकांवर पोरं दुसऱ्या वर्गाची, असा प्रकार. जोवर तो फॉन्ट समोर आहे तोवर सगळं सुरळीत. फॉन्ट गेला की पटावरची खरी नावं दिसतात. आणि प्रत्येक कंपनीचा पट वेगळा!

म्हणजे प्रमाण नव्हतंच असं नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली आलं, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला हक्काची जागा मिळाली. पण घरच्या मशीनवर ते उतरायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये 'मंगल' फॉन्ट आला. एक्सपीमध्ये तर कंट्रोल पॅनेलात जाऊन एक खूण करायची आणि सीडी घालायची, तेव्हा जोडाक्षरं जुळायची. लिनक्सवर २००४ साली रेड हॅटने 'लोहित' फॉन्ट खुले केले. लोहित म्हणजे लाल, टोपी लाल म्हणून. त्यांची देखभाल पुढे कित्येक वर्षं पुण्यात बसलेल्या मंडळींनी केली. पण तोवर आबांसारख्या हजारोंनी आपापल्या फॉन्टात पानंच्या पानं लिहून ठेवली होती.

तात्पुरता उपाय सोपा. जुन्या विंडोजमधून ती फॉन्टची फाइल उचलली, मिंटमधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकली, आणि लिब्रेऑफिसमध्ये पान लख्ख मराठीत उभं राहिलं. आबा खूश. मग मी शोधाच्या चौकटीत 'खोडवा' लिहिलं. उत्तर, काहीच नाही. शब्द डोळ्यासमोर पाच ठिकाणी दिसतोय आणि मशीन म्हणतंय, नाही. त्याच्या दृष्टीने तो शब्द तिथं नव्हताच. आपण बघत होतो ती चित्रं.

मग रात्री बसून पायथॉनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. नुसती अदलाबदल पुरत नाही. 'किती' हा शब्द जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी, मग क, असा साठवतात, जसा हाताने लिहितो तसा. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, जसा बोलतो तसा. 'वर्ष' मधला रफार जुन्यात 'ष'च्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. आणि खरी मराठी मेख पुढेच. नेटवर मिळणारे बरेच रूपांतरक हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेले असतात. त्यांना आपला 'ऱ्य' कळत नाही. मग आचाऱ्याला दिलेली जेवणाची सुपारी आचार्याला जाते, आणि 'शेतकऱ्याला' हा शब्द तर आबांच्या दर पानावर! त्यासाठी नुक्त्याचा 'ऱ' वापरायचा नियम वेगळा घालावा लागला.

कोष्टक भरायला आबाच बसले. मी एकेक चिन्ह दाखवायचो, ते सांगायचे: "अर्धा श. ह्यो रफार. ह्यो 'द्य', विद्यालयातला." दोनशेच्या आसपास चिन्हं होती. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची धडधड चालू होती, हंगाम भरात होता. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. अकराच्या सुमारास सगळ्या फाइली एका दमात रूपांतरित झाल्या.

"काय शोधू?" मी विचारलं.

"पाणी," आबा म्हणाले. "२००५ ला नदीचं पाणी कुठवर आल्तं ते लिवलंय मी."

हा प्रश्न हौसेचा नव्हता. धाकटा भाऊ खालच्या तुकड्यात नवी स्टार्टर पेटी बसवणार होता आणि जागेवरून घरात आठ दिवस वाद चालला होता. २०१९ चा महापूर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. २००५ चं पाणी कुणी बांधापर्यंत म्हणे, कुणी जांभळापर्यंत. शोधाला सव्वीस नोंदी आल्या. त्यात २००५ च्या जुलैअखेरची एक: पाणी जांभळाच्या वर चार हात, मोटारीची पेटी बुडाली. आबांनी भावाला हाक मारली. तो आला, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाला, "मग वरच बसवू. वायर जास्त लागंल, लागू दे."

रविवारी सकाळी मिंट कायमचं टाकलं. जुन्या डिस्कची पूर्ण प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून कपाटात ठेवली, कारण मूळ फाइली टाकायच्या नसतात, रूपांतरात एखादं अक्षर सुटलेलं असू शकतं. आबा आता युनिकोडमध्येच लिहितात. बोटं रेमिंग्टनचीच.

मला या दोन दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. ऑपरेटिंग सिस्टीम बदलणं हे एका दुपारचं काम आहे. आपल्याला बांधून ठेवतं ते खिडकी की पेंग्विन हे नव्हे. आपला मजकूर कुठल्या पद्धतीने साठवलाय, हे. तो खुल्या प्रमाणात असेल तर उद्या पाचवी सिस्टीम आली तरी काय बिघडलं?

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गावाकडे जाल तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर एक नजर टाका. जुनी मराठी फाइल उघडा आणि त्यातला एखादा शब्द युनिकोडमध्ये टाइप करून शोधून बघा. सापडला तर उत्तम. नाही सापडला तर आधी फॉन्टची फाइल जपून ठेवा, मग फाइलींची प्रत काढा, आणि कोष्टक भरायला ज्यांनी ते लिहिलंय त्यांनाच शेजारी बसवा. अर्धा श आणि रफार ते तुमच्यापेक्षा लवकर ओळखतात.