टिटवीचे माप

उपमेय हाती लागले की उपमान टाकून द्यायचे, ही आम्हां वाङ्मयाच्या अध्यापकांची जुनी सवय आहे. मुखासाठी चंद्र आणायचा आणि मुख समजले की चंद्राला निरोप द्यायचा. माझ्या प्रबंधात ज्ञानेश्वरीतील दृष्टांतांवर एक प्रकरण होते. त्याला जोडलेल्या तक्त्यात मी उपमाने रकान्यांत वाटून दिली होती. ‘नम्रतादर्शक’ या रकान्यात सूर्यापुढचा काजवा, मुठीत आकाश धरू पाहणारा डास आणि चोचीने सागर मापणारी टिटवी अशी सगळी लहान मंडळी एका रांगेत बसली होती. परीक्षकांनी तक्त्याचे कौतुक केले आणि तो विषय माझ्यापुरता संपला.

बारा-तेरा वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या वर्गात मी पहिल्या अध्यायातली ती ओवी शिकवत होते. ओवीमागची पंचतंत्रातली कथा सांगणे ओघाने आलेच. समुद्रकाठी राहणाऱ्या टिट्टिभाच्या जोडप्याची अंडी समुद्र नेतो आणि नर चोचीने समुद्र कोरडा करायचा निश्चय करतो. खाडीकाठच्या वाडीतून येणारी एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, “मॅडम, पण टिटवी पुळणीवर अंडी घालत नाय. ती सड्यावर घालते.” मी म्हणाले, “आपण प्राणिशास्त्राच्या तासाला बसलेलो नाही.” वर्ग हसला. त्या वर्षात ती पुन्हा काही बोलली नाही, आणि पुढच्या वर्षी ती वर्गात नव्हती. माझ्या वाक्यामुळेच तिचे शिक्षण सुटले असे समजणे हा स्वतःला फाजील महत्त्व देण्याचा प्रकार होईल. पण ते वाक्य माझ्यापाशी राहिले.

तिचे म्हणणे तपासावे म्हणून मी प्रथम किनाऱ्यावर गेले, असे म्हटले तर ते अर्धसत्य ठरेल. खरे तर ते खोटे ठरावे अशी इच्छा घेऊन गेले. भाट्याच्या पुलापलीकडे, काजळी नदी समुद्राला मिळते तिथून सुरूच्या बनाच्या कडेने लांब पुळण आहे. तिथे केव्हा जायचे हेही मला ठाऊक नव्हते. मासे विकणाऱ्या एका मावशींनी गणित सांगितले: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकरानंतर. त्या हिशेबाने प्रतिपदा-द्वितीयेला सकाळी सात-साडेसातला ओहोटी पुरती उतरते. उधाणाचे दिवस असल्याने वाळूही खूप उघडी पडते, आणि पक्षी त्या वेळी तिथे असतात.

नोव्हेंबर ते मार्च या काळात दिसणाऱ्या त्या करड्या-मातकट पक्ष्यांना वेगळाली नावे देणे मला पहिली दोन वर्षे जमले नाही. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ २००२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून तो माझ्या कपाटात होता. पण मी तो शब्दांसाठी उघडत असे, पक्ष्यांसाठी नव्हे. कुरव आणि सुरय यांतला फरक उडण्यावरून कळू लागला. मग चिखल्या आणि तुतवार वेगळे झाले, तेही रंगावरून नव्हे, खाण्याच्या रीतीवरून. आखूड चोचीचा, मोठ्या डोळ्यांचा चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, पाहतो आणि टिपतो. त्याचे सगळे काम नजरेवर चालते. तुतवाराच्या कुळातले पक्षी चोच वाळूत खुपसत चालतात. त्यांतल्या अनेकांच्या चोचीच्या टोकाशी सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत संवेदना टिपणारी टोके असतात. ओल्या वाळूत दडलेल्या जीवाचा दाब त्यांना न पाहता जाणवतो. सँडरलिंग परतणाऱ्या लाटेमागे धावतो आणि येणाऱ्या लाटेपुढे पळतो. त्याला मागचे बोट नसते. लाटेच्या कडेवर त्याचे पोट भरते आणि त्या कडेचा त्याचा अंदाज क्वचितच चुकतो.

हे पाहताना ती ओवी आठवल्यावाचून राहिली नाही. चोचीने सागराचे माप घेणे हे मी अशक्यतेचे उदाहरण म्हणून वर्षानुवर्षे शिकवले होते. इथे शेकडो चोची तेच काम रोज, तिथीच्या हिशेबाने, पोटापुरते करत होत्या.

या पक्ष्यांचे आपल्याला दिसते ते अर्धेच आयुष्य. सँडरलिंगची घरटी उत्तर ध्रुवाजवळच्या उजाड प्रदेशात असतात. आपल्याकडे येणाऱ्या एका लहान चिखल्याला पक्ष्यांच्या जागतिक याद्यांनी २०२३ मध्ये ‘तिबेटी’ म्हणून स्वतंत्र जात मानले, कारण त्याची वीण तिकडच्या पठारावर होते. त्याची अंडी, पिल्ले, विणीच्या काळातला आवाज, यांतले काहीच आपल्या वाट्याला येत नाही. एप्रिलच्या आरंभी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येऊन पडलेले असतात तेव्हा, काही पक्ष्यांच्या छातीवर तांबूस रंग चढलेला दिसतो, डोळ्यांवर काळी पट्टी गडद होते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पुळण रिकामी होते.

मुलगी बरोबर होती. टिटवी आणि चिखल्या हे एकाच कुळातले. टिटवी खाडीकाठीही दिसते. पण तिची अंडी मला मिळाली ती शहराच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या सड्यावर, मे महिन्याच्या एका सकाळी. ती डोक्यावर झेपावत ओरडू लागली म्हणून मी थांबले, नाही तर पाय अंड्यांवरच पडला असता. खडे रचलेल्या उथळ खळग्यात चार अंडी होती, कातळाच्याच रंगाची. मी दूर जाऊन चिऱ्यांच्या ढिगाआड बसले. उन्हे तापली तशी ती उठली, जवळच्या चिरेखाणीतल्या डबक्यात पोट बुडवून आली आणि भिजल्या पिसांनी पुन्हा अंड्यांवर बसली. टिटव्या असे करतात याची नोंद पक्षिशास्त्रात आहे; मला ती नंतर वाचायला मिळाली. कथेतली टिटवी अंड्यांसाठी समुद्राचे पाणी उपसू पाहते. सड्यावरची टिटवी अंड्यांसाठी पाणी वाहून आणते, पिसांत मावेल तेवढेच.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो मी स्वतःच घेत आले आहे. कवीला पक्षिशास्त्राची गरज काय? चकोर चांदणे पीत नाही आणि हंस दुधातून पाणी निवडत नाही. कविसंकेतांना स्वतःचे सत्य असते, ते निसर्गाच्या साक्षीने खोडता येत नाही. हे सारे मला मान्य आहे. ज्ञानेश्वरांची टिटवी कातळावरून नव्हे, कथेतून आली आहे. पण मी कथेकडे तरी नीट पाहिले होते का? त्या कथेत टिटवी हरत नाही. तिचे दुःख पक्षी गरुडाकडे नेतात, गरुड विष्णूकडे जातो आणि भ्यालेला समुद्र अंडी परत करतो. ज्ञानेश्वरांनीही आपली असमर्थता सांगून झाल्यावर, काही ओव्यांतच, आपल्याला एक आधार आहे म्हणून सांगितले आहे: श्रीगुरूंची कृपा. लहान जीव, अशक्य उद्योग आणि पाठीशी असलेले थोर बळ, हा कथेचा सगळा आराखडा त्या प्रास्ताविकात उतरला आहे. शके १२१२ मध्ये सुमारे नऊ हजार ओव्यांचे ते माप पुरे झाले, हे तर आपल्यासमोरच आहे. म्हणजे त्या उपमानात नम्रतेइतकाच निर्धारही होता. तो मी रकान्याबाहेर ठेवला, कारण टिटवी लहान आहे एवढेच मला तिच्याविषयी ठाऊक होते.

पक्षी पाहिल्याने ओवी कळते, असा माझा दावा नाही. मात्र उपमानापाशी थोडे थांबायला मी पुळणीवर आणि सड्यावर शिकले. त्या मुलीने मला तेच करायला सांगितले होते. पंचतंत्र तिच्या ज्ञानाबाहेर होते आणि सडा माझ्या. दोन्ही एकत्र आली असती तर त्या दिवशीचा तास बरा झाला असता.

प्रबंध आता ग्रंथरूपाने काढायचा आहे आणि मुद्रणप्रत माझ्यासमोर आहे. तक्ता पुन्हा पाहिला. काजवा आणि डास यांना अजून हलवलेले नाही. त्यांच्याविषयी मला काही नवे कळलेले नाही. टिटवीची ओळ रकान्यातून काढली आहे. तिच्याविषयी दोन पाने वेगळी लिहिली आहेत, आणि मूळ मांडणीवरचा पहिला आक्षेप वर्गातल्या एका विद्यार्थिनीने घेतला होता व तो रास्त होता, असे तिथेच नमूद केले आहे. तिचे नाव हजेरीपटात सापडले असते. पण तिला न विचारता ते छापणे मला योग्य वाटले नाही.