‘ळ’ आणि ‘य’

अकोला जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातून नव्वदच्या दशकात मी एम.ए.साठी अमरावतीला आले, तेव्हा माझ्याजवळ दोन मराठी होत्या. एक घरची, तीत शेतातून परतलेली आई ‘डोये दुखून राह्यले’ म्हणायची. दुसरी पुस्तकातली, तीत डोळे दुखत असत. पहिली झाकायची आणि दुसरी मिरवायची, यालाच शिक्षण म्हणतात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. बोलताना मी इतकी धास्तावलेली असे, की एकदा वर्गात ‘वाचकाची सोय’ म्हणायचे ते ‘वाचकाची सोळ’ म्हणून गेले. वर्ग हसला. मी खाली बसले.

सर हसले नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. वर काळा, डोळा, शाळा, केळ; खाली काया, डोया, शाया, केय. मग मला विचारले, “तुझ्या गावात कुणी एका वाक्यात ‘काया’ आणि पुढच्या वाक्यात ‘डोळा’ म्हणतं का गं?”

“नाही सर.”

“म्हणजे हा नियम झाला. चुकीला नियम नसतो. आत्ता ‘सोळ’ म्हणालीस, ती मात्र चूक. आणि ती वऱ्हाडीमुळे झाली नाही. वऱ्हाडीला भ्यालीस म्हणून झाली.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ग्रंथालयात नेऊन ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड (१९०५) समोर ठेवला. आमच्या बोलीची तिथे गंभीरपणे नोंद होती. माझ्या आईची भाषा छापील पानावर मी प्रथमच पाहत होते.

सरांना बोलीचे भाबडे कौतुक मात्र नव्हते. उत्तरपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर ते निर्दयपणे गुण कापत. प्रमाणभाषा आलीच पाहिजे. ती जोडायची असते, पहिली टाकून घ्यायची नसते, असे त्यांचे म्हणणे. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) शिकवताना ते कौतिकचे संवाद जराही अभिनय न करता वाचत. स्नेहसंमेलनात वऱ्हाडी ऐकू आली की लोक आधीच हसायला तयार असतात, याचा त्यांना मनस्वी राग होता. दारिद्र्याशी झुंजणाऱ्या त्या बाईचे शब्द त्यांनी वाचले, तेव्हा मात्र वर्गात कुणाला हसू आले नाही.

त्याच वर्षी ते आम्हांला रिद्धपूरला घेऊन गेले. मोर्शी तालुक्यातले हे गाव म्हणजे गोविंदप्रभूंचे, आणि मराठी गद्याचेही. चक्रधरांशी वाद घालायला आलेला म्हाइंभट हा विद्वान पंडित त्यांचा शिष्य झाला; आणि गुरूंच्या पश्चात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून त्याने लीळा गोळा केल्या. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. त्या ग्रंथाच्या पोथ्यांवर वि. भि. कोलते यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षे खर्चिली. त्यांची संपादित आवृत्ती १९७८ साली निघाली. कोलत्यांनी अमरावतीतही मराठी शिकवले होते, हे सांगताना सरांच्या आवाजात अभिमान असे.

परतीच्या एसटीत त्यांनी ‘स्मृतिस्थळा’तली नागदेवाचार्यांची गोष्ट सांगितली. केशोबासांना संस्कृतात ग्रंथरचना करायची होती. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. कारण तसे झाले तर आपल्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकतील. “भाषेचा निर्णय करताना,” सर म्हणाले, “त्या माणसाला आधी म्हाताऱ्या आठवल्या.”

पुढे मीही प्राध्यापक झाले. सरांविषयी बोलायची संधी मी सोडत नसे. निरोपसमारंभात, चर्चासत्रात, वर्गात. रिद्धपूरची गोष्ट तर मला तोंडपाठ झाली होती. सर गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यानंतर २०२३ साली रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाचा कायदा झाला आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. आमच्याकडे त्यानिमित्त कार्यक्रम झाला आणि मी भाषण केले. नागदेवाचार्य, म्हाताऱ्या, सगळे त्यात होते. टाळ्याही पडल्या.

त्याच आठवड्यात तपासलेल्या निबंधांचा गठ्ठा मी वर्गात परत दिला. तास संपल्यावर एक मुलगी तिची वही घेऊन टेबलाजवळ आली. निबंध आजीवर होता. आजीचे बोलणे तिने अवतरणचिन्हांत लिहिले होते: ‘मले’, ‘कायले’, ‘माय वावर’. मी लाल शाईने त्यांचे ‘मला’, ‘कशाला’, ‘माझे वावर’ केले होते. अवतरणचिन्हांच्या आत शिरून मी एका म्हातारीचे शब्द खोडले होते. तसे करताना मला काहीही वाटले नव्हते. हात सवयीने चालला होता.

“मॅडम, हे आजीचं आहे,” ती एवढेच म्हणाली. तक्रार नव्हती, तिला खरोखर कळत नव्हते, की चूक नेमकी कुणाची धरली आहे.

मी तिथेच पेन काढले, लाल रेघांवर मूळ शब्द पुन्हा लिहू लागले आणि तिची क्षमा मागितली. ती अवघडली. म्हणाली, “राहू द्या न मॅडम. आजीले कुठी वाचता येते!”

सरांनी मला काय दिले, असे विचारल्यास मी आजवर फळ्यावरच्या त्या दोन ओळी सांगत आले. त्या दिवशी उमगले, की त्या मी उतरून घेतल्या होत्या, एवढेच. म्हाइंभटाने गुरूचे शब्द जपण्यासाठी माणसामाणसाकडे जाऊन कान दिला. मी माझ्या गुरूची गोष्ट जपली आणि समोरच्या वहीतले ऐकायचे राहून गेले.

आता दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर त्या दोन ओळी लिहिते. त्या मुलीने पुढचा निबंध अत्यंत शुद्ध लिहिला. एकही दुरुस्ती करावी लागली नाही. आजी मात्र त्यात कुठेच नव्हती.