वाराचें ताट

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत आमचा चुलत नातू पुण्याहून घरीं आला तो अंथरूण-पांघरूण घेऊनच. अभियांत्रिकीचें पहिलें वर्ष. पहिलें सत्रहि पुरतें झालें नव्हतें. "आजोबा, मी परत जाणार नाहीं," एवढेंच तो म्हणाला. अभ्यास झेपत नसेल, असें घरांतील वडीलमंडळींनीं ठरवून टाकिलें. आम्हीहि त्यांतच होतों.

दोन दिवसांनीं त्यानें आपला फोन आमच्या हातीं दिला. पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांचा महाविद्यालयानें एक व्हॉट्सॲप समूह केला होता. त्यांत सूचना, गणेशोत्सवाचीं छायाचित्रें, पाहुण्यांचे सत्कार. आणि एके दिवशीं हजेरी कमी असलेल्यांची यादी, नांवनिशीवार. नातवाचें नांव तिसरें. तो आठ दिवस वसतिगृहांत तापानें पडून होता. पावणेदोनशें जणांच्या त्या समूहांत "कां रे येत नाहींस?" असें विचारणारा एकहि निघाला नाहीं.

आमच्या सूनबाई महाविद्यालयांत शिकवितात. त्यांनीं सांगितलें कीं, फेसबुक २००४ सालीं हार्वर्डच्या वसतिगृहांत जन्मलें, तेव्हां तें प्रथम तेथील विद्यार्थ्यांपुरतेंच होतें. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन विद्वानानें तर १९७५ सालींच लिहून ठेविलें आहे कीं, विद्यार्थी विद्यालय सोडतो तो केवळ गुणांपायीं नव्हे. तेथील अभ्यासांत आणि माणसांत तो कितपत मिसळला, यावर त्याचें टिकणें अवलंबून असतें.

हें ऐकतांना आम्हांस तीर्थरूपांची आठवण झाली. ते पुण्यास वार लावून शिकले. सात दिवसांचीं सात घरें. मंगळवारच्या घरीं मुलगा आला नाहीं, तर वाढलेलें ताट तसेंच राही, आणि घरची बाई कोणास तरी पाठवून चौकशी करी. त्यांत उपकाराचा जाचहि होता. वडील तोहि सांगत, आणि त्या चालीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु न आलेला मुलगा तेथें लक्षांत येई.

वाचकहो, आम्हीं तरी काय केलें? नोकरींत असतां नववींतील एक मुलगा येईनासा झाला. महिनाभर गैरहजेरी मांडून आम्हीं त्याचें नांव पटावरून कमी केलें. त्याचें घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतें. त्याचे वडील वारले होते आणि तो किराणा दुकानांत पुड्या बांधीत होता, हें आम्हांस पुढें दोन वर्षांनीं कळलें, तेंहि त्या दुकानीं साखर घेण्यास गेलों तेव्हां.

नातू परत गेला तो आमच्या उपदेशानें नव्हे. दुसऱ्या वर्षांतील एका मुलाचा निरोप आला: "रवीवारी रात्री मेस बंद असते, आमच्या खोलीवर जेवायला ये. जर्नल मी देतो." त्यांतील ऱ्हस्वदीर्घाची चूक आम्हीं जन्मांत प्रथमच सोडून दिली.

महाविद्यालयांनीं हेंच योजून करावें. प्रवेश होतांच दहा-दहा मुलांचे लहान समूह, प्रत्येकास वरच्या वर्गाचा एक सोबती. हजेरी घटली तर निरोप एकट्यास जावा. चारचौघांत यादी लावूं नये. उत्तर आलें नाहीं, तर कोणी तरी खोलीवर जावें. सूनबाईंचें म्हणणें, शिक्षकाचा फोन रात्रीं अकरापर्यंत वाजूं लागला तर त्यानें आपल्या घराकडे कधीं पाहावें? तेंहि खरें. म्हणूनच सोबती हवेत, आणि शिक्षकाच्या फोनास वेळेची मर्यादाहि हवी.

नातवाच्या विभागानें यंदा ही रीत सुरू केली असून नऊ मुलें त्याच्याकडे सोंपविलीं आहेत. परवां रविवारीं आमच्याशीं बोलतां बोलतां तो मध्येंच थांबला. "आजोबा, एकानें सकाळपासून निरोप उघडलाच नाहीं. वरच्या मजल्यावर जाऊन येतों," म्हणाला, आणि त्यानें फोन ठेविला.