पाठभेदाची चव

काही पदार्थांच्या कपाळी कायमचे बाल्य लिहिलेले असते. अमेरिकेत ते शेंगदाण्याचे लोणी, म्हणजे पीनट बटर, आणि जॅम यांच्या सँडविचच्या वाट्याला आले आहे. शाळेच्या डब्यातला हा पदार्थ प्रौढाने खावा तो किंचित संकोचानेच. म्हणूनच त्याला 'प्रौढ' करण्याची हौस तिकडे अनेकांना असते.

इतिहास मात्र उलट दिशेने वाहिला आहे. या सँडविचची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी छापील कृती जूलिया डेव्हिस चँडलर यांनी १९०१ मध्ये बॉस्टनच्या एका पाकविषयक मासिकात दिली. त्यांनी सुचविलेली जेली होती करंटची किंवा रानसफरचंदाची, म्हणजे आंबटसर. त्या काळी दाण्याचे लोणी न्यूयॉर्कच्या चहागृहांतून प्रतिष्ठितांपुढे येई. पुढे कारखान्यांनी ते स्वस्त केले. १९२८ पासून यंत्राने कापलेला पाव विकला जाऊ लागला आणि लहान मुलालाही सुरीवाचून सँडविच करता येऊ लागले. डीफोचा क्रूसो (१७१९) आणि स्विफ्टचा गलिव्हर (१७२६) प्रौढांच्या कपाटातून मुलांच्या कपाटात गेले, तसाच हा प्रवास. तेव्हा प्रौढ रूप म्हणजे एका अर्थी पूर्वपाठाकडे परतणेच होय.

माझ्या संशोधनाच्या वर्षांत माझ्या कन्येचे बालपण अमेरिकेत गेले. पुढे ती शिक्षणासाठी पुन्हा तिकडेच गेली. गेल्या हिवाळ्यात मी तिथे अभ्यागत प्राध्यापक असताना ती सुट्टीत माझ्याकडे राहावयास आली, आणि तो पूर्वपाठ सिद्ध करण्याचे मी मनावर घेतले. २०० ग्रॅम दाणे मंद आचेवर खमंग भाजले, सोलले, आणि पाव चमचा मीठ घालून वाटत राहिलो. आधी कूट झाले, मग गोळा, मग तेल सुटून लोणी. साखर घातली नाही. २०० ग्रॅम क्रॅनबेरी, १०० ग्रॅम साखर आणि थोडे पाणी दहा मिनिटे उकळले. फळे तडतडून फुटली, रस आपोआप आळला. त्यात मिरपूड घातली. राय धान्याचा पाव तव्यावर भाजून दोन्ही कापांना आतून लोणी लावले, म्हणजे जॅमचा ओलावा पावात उतरत नाही.

मला ते रुचकर लागले, इतकेच. कन्या मात्र पहिल्याच घासाला थबकली. "बाबा, इथे गोड यायला हवं होतं," असे म्हणून हसली आणि मग बराच वेळ गप्प राहून खात राहिली. तिच्यापुढे दोन सँडविचे होती, एक ताटलीतले आणि एक स्मरणातले, माझ्यापुढे एकच. ज्याला मूळ पाठ मुखोद्गत आहे, त्यालाच पाठभेदाची चव कळते. माझा मूळ पाठ गूळ-दाण्यांचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून आला आणि साबुदाण्याच्या खिचडीत शिरून आमच्या उपवासालाही चालू लागला; पण त्यामुळे तिचे बालपण मला वाचता येत नव्हते. ते माझ्या डोळ्यांदेखत घडले होते, तरीही.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातल्या बरणीतले गोड लोणी, द्राक्षाची जेली आणि मऊ पांढरा पाव आणला आणि मला मूळ सँडविच करून दिले. ते फारच गोड होते. मी सावकाश, सगळे खाल्ले.