पायउतार!

नांदेडहून लातूरला निघालेल्या एसटीत, लोहा मागे पडल्यावर मला हे उमगलं आणि शेजारच्या अनोळखी मावशींना सांगितल्याशिवाय राहवेना. ‘स्टेप डाउन’ म्हणजे पायउतार! स्टेप म्हणजे पाऊल, डाउन म्हणजे खाली. इतकी वर्षं मी हे इंग्रजी क्रियापद घोकत होते, चुकत होते, आणि ते जसंच्या तसं आपल्याच घरात होतं!

मांडीवरच्या वहीत सरावाची वाक्यं लिहीत होते. उदाहरणांना काय तोटा? मार्च १९८६ मध्ये निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्रीपदावरून पायउतार झाले आणि त्यांच्या जागी नांदेडचे शंकरराव चव्हाण आले. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, बाभळगावचे विलासराव देशमुख पायउतार झाले, त्यांच्या जागी शंकररावांचे चिरंजीव अशोकराव. दोन्ही वेळा खुर्ची लातूर जिल्ह्यातून नांदेडला! २०१० मध्ये अशोकरावांनाही ती सोडावी लागली.

मी लिहायचे, ‘स्टेप्ड डाउन फ्रॉम चीफ मिनिस्टर’. चूक! पण का चूक, ते मराठीनंच दाखवलं. आपण ‘मुख्यमंत्र्यावरून पायउतार’ म्हणतो का? नाही, ‘मुख्यमंत्रीपदावरून’ म्हणतो. ते ‘पद’ वाक्यात असेल तर ‘फ्रॉम’, नुसता मुख्यमंत्री असेल तर ‘ॲज’. ‘स्टेप्ड डाउन ॲज चीफ मिनिस्टर’. झालं! वहीतली तिन्ही वाक्यं मी भराभर दुरुस्त केली, बस खड्ड्यातून जात असतानाच.

मग एकातून एक निघतच गेलं. कचेरीतला कारकून नोकरी सोडतो तेव्हा तो पायउतार होत नाही, राजीनामा देतो. इंग्रजीतही त्याच्यासाठी साधं ‘रिझाइन’च शोभतं, कारण पाऊल खाली टाकायला आधी उंचावर असावं लागतं. उमेदवारी अर्ज मागे घेणारा माघार घेतो, त्याला ‘विथड्रॉ’. शब्द देऊन ऐनवेळी अंग काढून घेणारा ‘बॅक्स आउट’. एक फरक मात्र जपायला हवा. मराठीत आपण एखाद्याला पायउतार करतो, पण इंग्रजीत माणसाला कुणी ‘स्टेप डाउन’ करत नाही. पाऊल त्याचं त्यानंच टाकायचं, मागून कितीही रेटा असो. रेटा दाखवायचाच तर ‘वॉज फोर्स्ड टू स्टेप डाउन’.

खिडकीतून शेताच्या कडेची डीपी दिसली आणि अंगावर काटाच आला. ती तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर! अकरा हजार व्होल्टचा दाब मोटारीला झेपेल इतका खाली आणते. विजेचा दाब दुसऱ्याला उतरवता येतो, तिथे हेच क्रियापद कर्म घेतं!

चाकूर आलं. शिवराज पाटलांचं गाव, तेही २००८ च्या त्या हल्ल्यानंतरच केंद्रीय गृहमंत्रीपदावरून पायउतार झालेले. मावशी पिशवी सावरत उठल्या, दाराशी थांबून वळल्या.

“आमच्या सरपंचालाबी तसंच म्हणायचं का, बाई?”

“हो मावशी, अगदी तसंच! स्टेप्ड डाउन ॲज सरपंच!”